व्हॉइड म्हणजे नेमकं काय? रिकामं, रद्द की पोकळी?

बाबांची प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये प्री व्हॉइड आणि पोस्ट व्हॉइड असे दोन आकडे आहेत. मला व्हॉइड माहीत आहे ते सी लँग्वेजमधलं, म्हणजे फंक्शन काहीच परत देत नाही ते. मोबाइलच्या स्टिकरवर वॉरंटी व्हॉइड असतं आणि आजी गेली तेव्हा मावसभावानेही स्टेटसला हाच शब्द टाकला होता. एकच शब्द एवढ्या ठिकाणी कसा काय?

प्रतिसाद १
आधी बाबांचं बघू. इथे व्हॉइड हे क्रियापद आहे, लघवी करून मूत्राशय रिकामं करणं. प्री म्हणजे भरपूर पाणी पिऊन तुडुंब भरलेलं असताना मोजलेलं, पोस्ट म्हणजे जाऊन आल्यावर आत किती उरलं ते. साधारण ५० मिलीच्या आत असेल तर ठीक धरतात, २०० च्या वर म्हणजे नीट रिकामं होत नाहीये. पण फार वेळ रोखून धरलं असेल तर उगाचच जास्त उरलेलं दिसतं, म्हणून डॉक्टरांना विचाराच.

प्रतिसाद २
कायद्यातही मूळ हेच, आतला जीव काढून घेतलेला. १८७२ च्या करार कायद्यात व्हॉइड आणि व्हॉइडेबल वेगळे आहेत, लोक नेहमी गल्लत करतात. अल्पवयीन मुलाने केलेला करार पहिल्यापासूनच व्हॉइड, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं अपिलाचं सर्वोच्च न्यायालय) मोहरी बीबीच्या खटल्यात ठरवलं. धमकावून सही घेतली असेल तर तो व्हॉइडेबल, म्हणजे ज्याला धमकावलं त्याने रद्द करेपर्यंत चालू. आणि अवॉइड हा शब्दसुद्धा याच घरातला बरं का, आधी त्याचा अर्थ रिकामं करणं, रद्द करणं असाच होता, टाळणं नंतर आलं.

प्रतिसाद ३
डब्याला एम्प्टी म्हणतात, व्हॉइड नाही, कारण डबा परत भरता येतो. माणूस गेल्यावर जे उरतं त्याला आपण पोकळी म्हणतो ना, ते व्हॉइड, चारी बाजूंना सगळं जागच्या जागी आणि मधलंच नाही. आकाशातही तसंच, भूतप तारकासमूहाच्या दिशेला १९८१ मध्ये सापडलेला व्हॉइड ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंद आहे, तिथेही थोड्या दीर्घिका आहेत, पण असायला हव्यात त्याच्या मानाने फारच कमी. तुमच्या मावसभावाने शब्द अगदी बरोबर वापरलाय.

प्रश्नकर्ता
खूप आभार सगळ्यांचे. बाबांचा पोस्ट व्हॉइड ३८ मिली आहे, आत्ताच त्यांना वाचून दाखवलं. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.