स्की रिसॉर्टची पारख त्याच्या वाईट दिवशी करावी. पटतंय का?

दुर्बीण

आल्प्समध्ये आठवडाभर स्कीइंगला कुठे जावं, असं कुणी विचारायचा अवकाश, की आकडे सुरू होतात. फ्रान्समधल्या थ्री व्हॅलीजमध्ये ६०० किलोमीटर उतार, इटलीतल्या दोलोमितीच्या एका पासवर १२०० किलोमीटर, स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला तर केबल कार थेट ३८८३ मीटरवर. हे सगळं चांगल्या दिवसाचं कौतुक झालं. निळं आभाळ, रात्री पडलेला ताजा बर्फ आणि लिफ्टला रांग नाही, अशा दिवशी आल्प्समधलं कुठलंही रिसॉर्ट छानच वाटतं. पण आपण पास घेतो सहा दिवसांचा, आणि त्यात वाऱ्याचा, ढगाचा किंवा गर्दीचा एखाददुसरा दिवस येतोच.

म्हणून माझा निकष एकच आहे. वरच्या लिफ्ट्स वाऱ्याने बंद पडल्या, डोळ्यांपुढचं दिसेनासं झालं, तर तिथे करण्याजोगं काय उरतं?

फ्रान्समधलं व्हाल थोरान्स घ्या. गावच २३०० मीटरवर वसवलेलं, युरोपातलं सगळ्यात उंच स्की रिसॉर्ट. बर्फाची चिंता नाही. पण झाड औषधालाही नाही. आल्प्समध्ये साधारण २००० ते २२०० मीटरच्या वर जंगल संपतं. ढग खाली आला की जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, पुढे उंचवटा आहे की खड्डा हे त्यावरून गेल्यावरच कळतं. तशाच दिवशी फ्रान्समधल्याच सेर शेव्हालियेच्या लार्च झाडांच्या जंगलात खोडांच्या आधाराने उताराचा अंदाज येतो आणि वाराही अडतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख कुठे असतो? नकाशावर मात्र जंगलाचा हिरवा पट्टा दिसतो, तो बघायची सवय लावून घ्यावी.

किलोमीटरच्या आकड्यांवर तर माझा काडीचाही विश्वास नाही. २०१३ मध्ये क्रिस्टोफ श्राहे नावाच्या जर्मन सल्लागाराने मोठ्या रिसॉर्टांचे उतार स्वतः मोजून काढले. स्वित्झर्लंडमधलं फोर व्हॅलीज तेव्हा ४१२ किलोमीटर सांगत होतं, मोजणीत भरले १६४. सरळ रेषेऐवजी स्कीअर घेतो ती वळणं धरून लांबी काढायची, रुंद उतार एकाहून जास्त वेळा मोजायचा, असले उद्योग चालत.

हिमगौरी

साफ असहमत. दुर्बीण, तुमचा निकष ज्याला आधीच स्की करता येतं त्याचा आहे. जो पहिल्यांदा पायात स्की अडकवतो, त्याला ३८८३ मीटर काय आणि लार्चचं जंगल काय. त्याचं अख्खं जग म्हणजे दोनशे मीटरचा एक सपाटसा तुकडा आणि त्याच्या कडेला सरकता पट्टा. तो तुकडा कुठे आहे, यावर त्याची सुट्टी ठरते.

काही ठिकाणी शिकाऊ उतार दरीच्या तळाशी असतो. सकाळी सावली, दुपारी चिखल, आणि वरून वेगाने घरी परतणारी मंडळी त्याच्याच काठावरून सुसाट जातात. फ्रान्समधल्या आल्प द्युएझला गाव १८६० मीटरवर आहे आणि गावाच्या लगेच वर रुंद, सौम्य, हिरव्या म्हणजे सगळ्यात सोप्या उतारांचं मैदानच आहे. ऑस्ट्रियाच्या टिरोलमधल्या सेर्फाउसने तर गावात गाड्या नकोत म्हणून १९८५ मध्ये चक्क जमिनीखालून रेल्वे सुरू केली, वेशीवरच्या वाहनतळापासून गावातून लिफ्टपर्यंत. लहान मूल, त्याच्या स्की, काठ्या, हेल्मेट आणि त्याचं रडणं एवढं सगळं उचलून बर्फाळ रस्त्यावर चालल्याशिवाय त्या रेल्वेची किंमत कळायची नाही.

आणि हो, उतार किती अवघड ते सांगणाऱ्या रंगांवर जाऊ नका. ऑस्ट्रियात निळा उतार साधारण २५ टक्के चढापर्यंत, लाल ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा, असा दंडक आहे. फ्रान्समध्ये खाली हिरवा हा आणखी एक रंग आहे, आणि कुठला रंग द्यायचा ते बरंचसं रिसॉर्ट आपल्याच बाकीच्या उतारांशी तुलना करून ठरवतं. तिथल्या व्हाल दिझेर रिसॉर्टचे निळे उतार दुसरीकडे लाल ठरले असते, ही तिथली जुनी तक्रार आहे. हिरव्यावरून निळ्यावर जाणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास अशा एका उतारावर संपतो, आणि मग उरलेला आठवडा तो कॅफेत बसतो.

आडवाटे

दुर्बीणरावांशी अर्धा सहमत. पण तुम्ही दोघंही उंचीला फार भाव देताय.

उंची म्हणजे पडलेला बर्फ टिकण्याची हमी. तो पडेलच याची हमी नाही. झेरमॅट तिन्ही बाजूंनी ४००० मीटरच्या शिखरांनी वेढलेलं आहे, ढग त्या भिंतींवरच रिकामे होतात, आत कोरडी हवा पोचते. तिथला बर्फ टिकतो तो थंडीमुळे. उलट ऑस्ट्रियातल्या आर्लबर्ग भागाच्या मागचं वार्थ हे गाव जेमतेम १५०० मीटरवर, पण आल्प्सच्या उत्तर काठावर. वायव्येकडून आलेलं प्रत्येक वादळ पहिलं तिथे आदळतं, आणि आल्प्समध्ये सर्वाधिक बर्फ पडणाऱ्या रिसॉर्टांत त्याचं नाव घेतलं जातं. ऑस्ट्रियातलंच किट्झब्यूल तर ७६२ मीटरवर. तरी तिथे चालतं, कारण खाली गवताची कुरणं आहेत. गवतावर थोडा बर्फही पुरतो, खडकाळ उताराला त्याच्या कितीतरी पट लागतो. नुसता उंचीचा आकडा बघून गाव खोडून टाकणाऱ्यांना हे कधी कळत नाही.

उताराचं तोंड कुठे आहे हेही बघा. आल्प द्युएझचं कौतुक वाचलं. ते दक्षिणाभिमुख आहे, ऊन भरपूर. जानेवारीत तेच वरदान. मार्च उलटल्यावर दुपारी दोन वाजता तिथे स्कीइंग म्हणजे ओल्या साखरेत पाय ओढणं.

आता वाईट दिवसाबद्दल. सगळ्यात वाईट दिवस बर्फ नसण्याचा असतो, हा समजही काढून टाका. जानेवारी २०१८ मध्ये झेरमॅटला इतका बर्फ पडला की रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद होऊन सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले. आर्लबर्गमधल्या लेखला जाणारा फ्लेक्सन खिंडीचा रस्ताही हिमस्खलनाच्या धोक्याने बंद होतो. हिमस्खलनाच्या धोक्याची पट्टी १ ते ५ अशी असते. ती ४ वर गेली की वरचा बराचसा भाग बंद, आणि ऑफ-पिस्टचा, म्हणजे आखलेले उतार सोडून स्की करण्याचा, विषयच संपला. माझ्या दृष्टीने चांगलं रिसॉर्ट ते, जे अशा वेळी धोक्याचा भाग ठामपणे बंद ठेवतं आणि दोन दिवसांनी साचलेला बर्फ स्फोटाने पाडून, तपासून, शहाण्यासारखं एकेक टप्पा उघडतं. गस्तीपथक कसं आहे, हे कुणी विचारतच नाही.

हिशेबनीस

आकड्यांना फारच शिव्या पडल्या, म्हणून लिहितोय. श्राहेंनी काय केलं? त्यांनीही मोजलंच ना! एक खोटा आकडा दुसऱ्या खऱ्या आकड्यानेच उघडा पडला. त्यानंतर काही रिसॉर्टांनी आपले आकडे दुरुस्तही केले. प्रश्न कुठला आकडा बघायचा एवढाच आहे.

मी पहिल्यांदा लिफ्टचा प्रकार बघतो. जुन्या चेअरलिफ्टची खुर्ची दोराला कायमची जखडलेली असते, त्यामुळे माणसं बसावीत म्हणून अख्खी लिफ्टच हळू चालवावी लागते, सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास. नवीन प्रकारात खुर्ची स्थानकात दोरापासून सुटते, आरामात बसता येतं, आणि मग ती सेकंदाला पाच मीटरने पळते. दीड किलोमीटरच्या लिफ्टवर दहा मिनिटं आणि पाच मिनिटं हा फरक आहे. दिवसभरात पंधरा फेऱ्या धरा आणि करा गुणाकार. उणे दहा तापमानात, वाऱ्यात, खुर्चीवर बसून काढलेला तो वेळ असतो.

दुसरा आकडा कृत्रिम बर्फाचा. किती टक्के उतारांवर स्नोगन, म्हणजे बर्फ बनवणारी यंत्रं आहेत? दोलोमितीत जवळपास सगळीकडे आहेत, कारण तिथे नैसर्गिक बर्फ बेभरवशाचा. त्यालाही मर्यादा आहे. हवेचं तापमान आणि दमटपणा दोन्ही धरून जो ओल्या थर्मामीटरचा पारा येतो, तो साधारण उणे दोनच्या खाली हवा. कोरडी हवा असेल तर शून्याच्या जवळही बर्फ बनतो, दमट हवेत उणे एकलाही बनत नाही. डिसेंबरात ऊबदार पाऊस आला की स्नोगन नुसत्या उभ्या.

आणि लांबचं बघायचं असेल तर ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचा २००७ चा अभ्यास आहे. हंगामात किमान १०० दिवस, स्की करण्यापुरता म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर बर्फ, या कसोटीवर आल्प्समधल्या ६६६ स्की क्षेत्रांपैकी ६०९ उतरत होती. तापमान २ अंशांनी वाढलं तर ४०४ उरतात, ४ अंशांनी वाढलं तर २०२. तेव्हा गौरीताई, शिकाऊ उतार कितीही गोड असला तरी तो खालच्या गावात असेल तर त्याचं पुढे काय, हा प्रश्न राहतोच.

(अवांतर: इटलीत २०२२ पासून स्की करताना दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा आहे. पाससोबत विकत मिळतो, विसरू नका.)

काठावरचा

सगळे बर्फातच अडकलात. मी स्की करतो, पण जीव टाकत नाही. आमच्या घोळक्यात निम्मे लोक दुपारी जेवल्यावर स्की काढून ठेवतात. त्यांच्यासाठी रिसॉर्ट म्हणजे गाव.

झेरमॅटला पेट्रोलची गाडी चालत नाही, गाड्या पाच किलोमीटर अलीकडे टॅशला ठेवून रेल्वेने यावं लागतं. गॉर्नरग्राटची दातेरी रुळाची रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली, आज ती ३०८९ मीटरवर नेते, स्की न करणाऱ्यालाही मॅटरहॉर्न समोर बघत बसता येतं. किट्झब्यूल हे मुळात जुनं, रंगीत घरांचं गाव आहे, स्की नंतर आली. याउलट फ्रान्समध्ये १९६०च्या दशकात सरकारी योजनेने डोंगरावर सरळ काँक्रीटच्या इमारती उभारल्या. दारातून स्की घालून बाहेर पडता येतं हे खरं. पण ढग उतरला, लिफ्ट बंद झाली, की त्या इमारतीत पत्ते कुटण्यावाचून काय करणार?

दुर्बीणराव, तुमचाच वाईट दिवसाचा निकष लावला तर गाव पहिल्या नंबरावर येतं, झाडं नव्हे.

दुर्बीण

काठावरचा, मुद्दा घेतला, पण अर्धाच. गाव बघून रिसॉर्ट निवडणाऱ्यांची एक ठरलेली फसगत होते. झेरमॅट आणि इटलीतलं चेर्विनिया वरून जोडलेले आहेत, तोच डोंगर, तेच वरचे उतार. इटलीच्या बाजूला राहणं स्वस्त पडतं, म्हणून बरेच जण तिथे राहतात. पण खिंडीवर वारा सुटला की जोडणाऱ्या लिफ्ट्स बंद. सकाळी बंद झाल्या तर पास अर्धाच वापरात, दुपारी बंद झाल्या आणि तुम्ही भलत्या देशात असलात तर टॅक्सीने डोंगराला मोठा वळसा, स्विस फ्रँकमध्ये. शेकडो किलोमीटर जोडलेल्या प्रत्येक रिसॉर्टाला असा एक गळा असतो. नकाशावर बोट ठेवून शोधा: ही एक लिफ्ट बंद झाली तर मी घरी कसा येणार? दोन वाटा असतील तर ठीक.

हिशेबनीस, तुमचा लिफ्टचा हिशेब मान्य. पण जलद लिफ्ट माणसांना वर लवकर पोचवते, उतार त्यामुळे रुंद होत नाही. रांगेतली गर्दी उतारावर येते एवढंच. एका नावाजलेल्या रिसॉर्टमध्ये (नाव राहू दे) चकाचक आठ माणसी लिफ्टने वर गेलो आणि खाली यायला अरुंद, निसरडा एकच रस्ता, त्यावर दुपारी चारला अख्खं रिसॉर्ट. थकलेले पाय, घट्ट झालेला बर्फ आणि मागून येणारे बेफाम लोक. चारच्या त्या उताराइतकी खरी परीक्षा नाही.

आडवाटे

मग चारला उतरायचंच कशाला? गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या लिफ्टने खाली या. अभिमान बाजूला ठेवला की गुडघे वाचतात.

आणि गर्दीचं खापर रिसॉर्टवर फोडू नका, तारखेवर फोडा. फ्रान्सची फेब्रुवारीची शाळासुट्टी ए, बी, सी अशा तीन विभागांत, वेगवेगळ्या आठवड्यांना असते. पॅरिसचा विभाग सुटला आणि त्यात ब्रिटनची सुट्टीही जुळली, तर सगळ्यात उत्तम रिसॉर्टही गुदमरतं. तेच रिसॉर्ट जानेवारीच्या मध्यात निम्मं रिकामं असतं.

हिमगौरी

तारीख निवडा म्हणे! ज्याच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, त्याची तारीख शाळा ठरवते. म्हणूनच मी मोठ्या नावांपासून लांब राहते. फेब्रुवारीत मला ६०० किलोमीटर नकोत, एका शिक्षकामागे किती मुलं आहेत ते हवंय. सुट्टीच्या आठवड्यात एकेका गटात दहा-बारा मुलं कोंबली, की निम्मा तास रांगेत आणि पडलेल्याला उचलण्यात जातो. आरक्षणाआधी हे लेखी विचारायचं: गटाची कमाल संख्या किती, शिक्षक कुठल्या भाषेत बोलेल, आणि हवा बिघडली तर वर्ग कुठे घेणार. तिसऱ्या प्रश्नाला धड उत्तर देणारी स्की शाळा ज्या गावात असेल, तिथे जायचं. डोंगर मग जेवढा असेल तेवढा.

दुर्बीण

गौरीताई, तो तिसरा प्रश्न माझाच आहे हो!

हिमगौरी

असेल. पण तुम्ही तो नकाशाला विचारता, मी माणसाला.