तांबूस पैसा किड्याची प्रजाती नेमकी कशावरून ओळखायची?

रानपाचोळा:
सावंतवाडीजवळ काजूच्या बागेत कुजलेल्या पाल्याखाली हे पैसे किडे भरपूर निघालेत. लांबी साधारण ५ सेंमी, जाडी ५ मिमी, अंग नळीसारखं गोल, रंग तांबूस-तपकिरी. अंगाची कडी पन्नासच्या आसपास, पण दर किड्यात आकडा थोडा वेगळा येतो. वरून काढलेले फोटो बघून एकजण म्हणतो ट्रायगोनिउलस कोरालिनस, दुसरा म्हणतो हार्पागोफोरिडी कुळातलं काहीतरी. खात्री कशी करायची? दहापट भिंग हाताशी आहे, कॉलेजात स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळेल.

सातवे_कडे:
दोघांनी सांगितलेली नावं दोन वेगळ्या गणांतली आहेत, त्यामुळे आधी गणाचा निकाल लावा. त्याला तुमचं भिंग पुरेल. किडा समोरून धरा आणि डोक्याचा पुढचा भाग बघा. माथ्यापासून वरच्या ओठापर्यंत मधोमध ठळक उभी खाच असेल तर गण स्पायरोबोलिडा, म्हणजे ट्रायगोनिउलसचा. खाच अशी सलग खालपर्यंत येत नसेल तर स्पायरोस्ट्रेप्टिडा, त्यातच हार्पागोफोरिडी येतं. चपट्या, विशीच्या आसपास कडी असलेल्या, डोळे नसलेल्या पॉलिडेस्मिडा या तिसऱ्या गणाचा इथे प्रश्नच नाही.

कड्यांच्या संख्येवर नाव ठरवू नका. कात टाकताना कडी वाढत जातात, आणि एकाच प्रजातीच्या प्रौढांतही आकडा थोडा कमी-जास्त असतो. रंग तर त्याहून बेभरवशाचा: नुकती कात टाकलेला किडा फिकट असतो आणि अल्कोहोलमध्ये लाल रंग उडतो. म्हणून फोटो जिवंतपणीच काढा, वरून एक, बाजूने एक, आणि तोंडाचा समोरून एक.

प्रजाती ठरते ती प्रौढ नराच्या गोनोपॉडवरून. सातव्या कड्यावरचे पाय नरात बदलून शुक्राणू पोचवण्याचे अवयव होतात, त्यांना गोनोपॉड म्हणतात. सातवं कडं शोधताना पाय मोजत बसू नका, पुढच्या काही कड्यांवर दोनऐवजी एकच जोडी असते आणि हिशेब चुकतो. डोक्यामागचं पहिलं मोठं कडं, कॉलम, ते एक धरून बाजूने मोजत या. मग किडा उलटा करा. सातव्या कड्याखाली पायांच्या रांगेत खंड दिसला तर नर, रांग अखंड असेल तर मादी. खंडाच्या जागी नुसते बारीक उंचवटे असतील तर नर अजून पिल्लू आहे, तो ओळखीला उपयोगी नाही.

काचपट्टी:
गोनोपॉड काढायची पद्धत सांगतो. किडा जिवंत असताना थेट अल्कोहोलमध्ये टाकला की घट्ट वेटोळं होतं आणि पुढे सातव्या कड्यापर्यंत सुई पोचत नाही. आधी फ्रीझरमध्ये ठेवा, मेल्यावर सरळ करा, मग ७५-८० टक्के इथेनॉलमध्ये. डीएनएसाठी हवे असतील तर एक-दोन पाय वेगळे काढून ९५ टक्क्यांत ठेवा. अख्खा किडा त्यात ठेवला तर ठिसूळ होतो, वाकवला की कडी सुटतात.

स्टिरिओखाली बारीक सुई गोनोपॉडच्या खळग्याच्या कडेने आत सरकवा आणि आतले स्नायू एकेका बाजूने सोडवा. चिमट्याने वर ओढू नका. स्पायरोबोलिडात मागची जोडी नाजूक असते आणि तीच तुटून आत राहते. जमलं नाही तर सहाव्या-सातव्या आणि सातव्या-आठव्या कड्यांमधला सांधा कापून सातवं कडं अख्खं वेगळं करा. निघालेला भाग खोलगट काचपट्टीवर ग्लिसरीनमध्ये ठेवा. हलत असेल तर अल्कोहोलवाल्या हँड सॅनिटायझरच्या थेंबात बसवा, हव्या त्या कोनात टिकतो. चित्र पुढून आणि मागून दोन्हीकडून हवं. नुसत्या एका बाजूच्या चित्रावरून तुलना होत नाही. शेवटी अल्कोहोलने धुऊन छोट्या कुपीत, आणि ती कुपी त्याच नमुन्याच्या बाटलीत.

रानपाचोळा:
नर मिळाला. डोक्यावर उभी खाच स्पष्ट आहे. गोनोपॉड पुढून बघितले तर मधोमध त्रिकोणी पत्रा, त्याच्या दोन्ही बाजूंना रुंद पाकळ्या, आणि मागे दडलेली बारीक वाकडी जोडी. पण बाटलीतलं अल्कोहोल दोन दिवसांत गडद तपकिरी झालंय. नमुना गेला का?

सातवे_कडे:
नाही. बाजूच्या ग्रंथींमधला क्विनोन या रसायनाचा स्राव अल्कोहोलमध्ये उतरतो, बोटंही त्यानेच पिवळी-तपकिरी होतात. हा हात डोळ्याला लावू नका. अल्कोहोल बदला आणि किड्याच्या आकारमानाच्या किमान तिप्पट घाला, कमी पडलं तर मधला भाग आतून कुजतो.

तुमच्या वर्णनाने हार्पागोफोरिडी बाद. तिथे कामाची जोडी पुढची असते आणि तिचा लांब पीळदार भाग आवरणातून बाहेर आलेला दिसतो. तुमच्याकडे शुक्राणू नेणारी जोडी मागची आहे, म्हणजे स्पायरोबोलिडाच. आता त्रिकोणी पत्र्याचं टोक आणि मागच्या जोडीचा शेंडा ट्रायगोनिउलस कोरालिनसच्या प्रसिद्ध चित्रांशी ताडून बघा. ही आग्नेय आशियातली प्रजाती माती आणि रोपांबरोबर जगभर पसरली आहे, त्यामुळे बागेत सापडणं अगदी शक्य आहे.

काचपट्टी:
जुळलं नाही तर लगेच 'नवी प्रजाती' म्हणू नका. आटेम्स या प्राणिशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये भारतातल्या मिलीपीडांचा, म्हणजे पैसा किड्यांचा, आढावा घेतला, त्याच्या आधीची बरीच वर्णनं मात्र त्रोटक आहेत. जुना मूळ नमुना बघावाच लागतो. तरीही वेगळी निघाली, तर होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एक नमुना, ठरवून मान्य संग्रहात द्यावा लागतो. त्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणचं पुण्यातलं केंद्र जवळचं आहे. बाग खासगी आहे म्हणून ठीक, पण शेजारच्या राखीव जंगलातून नमुने घ्यायचे असतील तर आधी वनखात्याची परवानगी काढा. आणि चिठ्ठी आजच लिहा: गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पाल्याचा प्रकार, गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.