कुत्र्याला घेऊन चांदोलीच्या वेशीवर मुक्काम – आमचं काही चुकलं का?

सहकारनगरकर

मागच्या शनिवारी आम्ही चौघं चांदोलीला जाऊन आलो. मी, बायको, मुलगी आणि भुंगा. भुंगा म्हणजे आमचा साडेतीन वर्षांचा लॅब, वजन ३४ किलो, भित्रा, आणि खाण्याच्या बाबतीत अत्यंत प्रामाणिक. राष्ट्रीय उद्यानात कुत्र्याला नेता येत नाही हे माहीत होतं, त्यामुळे आत न्यायचा प्रश्नच नव्हता. वारणावतीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात तंबू ठोकायला जागा मिळते, तिथे राहिलो. सकाळी मी आणि मुलगी परवाना काढून आत गेलो, बायको आणि भुंगा बाहेर.

रात्री पावणेदोनला भुंगा उठून बसला. भुंकला नाही. घशातल्या घशात गुरगुर, मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे, आणि सगळं अंग माझ्या मांडीवर रेललेलं. बाहेर वाळलेल्या गवतात काहीतरी जड चालत होतं, थांबत होतं, फुसकारत होतं. पट्टा मी मनगटाला गुंडाळूनच झोपलो होतो. वीसेक मिनिटांनी आवाज खाली ओढ्याकडे गेला. सकाळी बघितलं तर तंबूपासून पंचवीस पावलांवर गव्यांचे खूर उमटलेले. मुलगी अजून शाळेत तेच सांगत असते.

परत येऊन सोसायटीच्या ग्रुपवर चार फोटो टाकले, तर एका काकांनी ऐकवलं, ‘हौसेपायी जनावराला जंगलात नेणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.’ तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. माझं मत सरळ आहे. हद्दीबाहेर, मालकीच्या जागेत, पट्टा बांधून, सगळ्या लसी देऊन कुत्रा नेला तर त्यात गैर काय? तिथल्या प्रत्येक वाडीत दहा-पंधरा गावठी कुत्री मोकळी फिरतात, ती रात्री सरळ जंगलात जातात. त्यांना कोणी विचारत नाही आणि आमच्या भुंग्याचे मात्र फोटोसुद्धा खुपतात. तुम्हाला काय वाटतं?

टेकडीवाला (कोथरूड)

काकांचं बरोबर आहे. गवे पंचवीस पावलांवर होते हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुम्ही जंगलाबाहेर होतात ते फक्त सातबाऱ्यावर.

चांदोलीचं उद्यान ३१७ चौरस किलोमीटरचं. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० पासून कोयनेसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आकडे मोठे वाटतात, पण जनावरं पाण्यासाठी आणि चाऱ्यासाठी कडेकडेनेच उतरतात. ती कड म्हणजे नेमकी तुमची तंबूची जागा.

आणि पट्टा बांधला की काम झालं असं नाही. सिडनीजवळच्या रानात केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. पट्ट्याला बांधलेली कुत्री पायवाटेवरून फिरवून आणली आणि लगेच पक्षी मोजले. जाती ३५ टक्क्यांनी कमी दिसल्या, पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी. नुसती माणसं फिरली तेव्हा परिणाम याच्या निम्म्याहून कमी. गंमत म्हणजे जिथे रोज कुत्री फिरवतात त्या जागीसुद्धा पक्ष्यांना सवय झालेली नव्हती. टिटवी, रातवा ही मंडळी जमिनीवर अंडी घालतात. त्यांच्या लेखी तुमचा भुंगा भित्रा वगैरे नाही, ३४ किलोचा लांडगा आहे.

वेताळ टेकडीवर मी वीस वर्षं रोज सकाळी जातोय. पिल्लं घेऊन निघालेल्या लांडोरीमागे एक गुबगुबीत कुत्रा धावला तेव्हा मालक लांबून ओरडत होता, ‘काही करत नाही तो!’ लांडोर एका दिशेला, पिल्लं चार दिशांना. नंतर ती एकत्र आली की नाही, मला माहीत नाही. मालकालाही नसेल.

बुंदीची आई

टेकडीवाले काका, तो प्रयोग मीही वाचलाय. ती घट त्या वेळेपुरती होती, पक्षी कायमचे गेले असं कोणीही म्हटलेलं नाही. अर्धं सांगून घाबरवू नका.

आमची बुंदी बीगल आहे. दोनदा पाळणाघरात ठेवली, रोजचे आठशे रुपये मोजून. दुसऱ्या वेळी आणायला गेलो तर तिने पुढच्या पायाची कातडी चाटून चाटून लाल केली होती. मग ठरवलं, जिथे ती येऊ शकत नाही तिथे आपण जायचं नाही, आणि जिथे येऊ शकते तिथे नियम पाळून जायचं. घरात कुत्रं असलेल्या माणसांनी काय फक्त मॉलच्या पार्किंगमध्ये हिंडायचं? आपण स्वतः डिझेल जाळत, स्पीकर वाजवत, मॅगीची पाकिटं टाकत कड्यापर्यंत जातो. शनिवारी रात्री पवनेच्या काठावर जाऊन बघा, एकही कुत्रा नसतो आणि एकही पक्षी झोपत नाही.

पेठेतला पाहुणा

वनखात्याने दारावर पुणेरी पाटी लावावी. ‘कुत्र्यांना प्रवेश नाही. मालकांनी ही पाटी कुत्र्याला वाचून दाखवावी.’

चार पायांचा डॉक्टर

मी पशुवैद्य, सिंहगड रोडला दवाखाना आहे. आवाज, वास, पक्षी हे सगळं ठीक, पण खरी काळजीची गोष्ट अजून कोणी काढलीच नाही. डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग.

१९९४ मध्ये सेरेंगेटीत सुमारे एक तृतीयांश सिंह, म्हणजे हजारेक, या विषाणूने गेले. आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या कुत्र्यांत तो आधीपासून होता. आपल्याकडे २०१८ साली गीरमध्ये दलखाणिया भागात काही आठवड्यांत २३ सिंह मेले, त्यातल्या बऱ्याच जणांत हाच विषाणू सापडला. ही झाली मांजरकुळातली जनावरं. चांदोलीत तर कोळसुंदे आहेत, म्हणजे रानकुत्री. ती थेट भुंग्याच्या कुळातली. कळपाने राहतात, एकाच शिकारीवर तोंड घालतात, एकमेकांना चाटतात. एकाला झालं की कळपाला झालं.

लसी पूर्ण असलेला कुत्रा डिस्टेंपर घेऊन जाण्याची शक्यता फार कमी, हे सहकारनगरकरांच्या बाजूने. पण माझ्याकडे येणाऱ्या मालकांना ‘लसी झाल्यात का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात, आणि कार्ड उघडलं की रेबीजच्या रकान्यात दरवर्षी शिक्का, शेजारचा नाइन-इन-वनचा, म्हणजे डिस्टेंपरसकट बऱ्याच रोगांवरच्या एकत्र लसीचा रकाना दोन वर्षं कोरा. त्यांच्या मते रेबीजची दिली की झाली लस.

दुसरी गोष्ट गोचीड. वाळलेल्या गवतात झोपून आलेल्या कुत्र्याला दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, खाणं सुटतं, नाकातून रक्त येतं. रक्त तपासलं की प्लेटलेट जमिनीला टेकलेल्या. आणि हे दोन्हीकडून चालतं. इथली गोचीड तिकडे, तिकडची इकडे. भुंग्याला तपासलंत का?

सहकारनगरकर

डॉक्टर, तुमचं वाचलं आणि लगेच भुंग्याला ट्यूबलाइटखाली आडवा केला. कानाच्या आतल्या घडीत, काखेत, पुढच्या पंजाच्या बोटांच्या बेचक्यात मिळून अकरा निघाल्या. दोन तर टम्म फुगून वाटाण्याएवढ्या झालेल्या. एक मुलीच्या मोज्यात. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते इथे लिहीत नाही.

कार्डही काढलं. नाइन-इन-वन मागच्या मार्चपासून राहिलंय. वर ‘सगळ्या लसी देऊन’ असं मीच ठोकून दिलं होतं.

तरीही गावातल्या कुत्र्यांचा माझा मुद्दा शिल्लक राहतोच. ती शेकड्यांनी आहेत, भुंगा एक.

टेकडीवाला (कोथरूड)

शेजारी कचरा टाकतो म्हणून आपणही टाकायचा, असाच झाला हा मुद्दा.

आणि तुमच्या जिवाचं काय? बिबट्या कुत्र्यासाठी किती लांब येतो ते जुन्नरला विचारा. अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून केलेल्या अभ्यासात त्यांच्या खाण्यातला कुत्र्यांचा वाटा वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के निघाला, शेळ्यांहूनही जास्त. नायलॉनच्या तंबूत कुत्रा मनगटाला बांधून झोपणं म्हणजे गळाला आमिष लावून गळ स्वतःच्या हाताला बांधणं. बरोबर लहान मुलगी होती तुमच्या.

बुंदीची आई

हा मुद्दा मात्र मान्य. आम्ही तंबूत कधीच ठेवत नाही, पक्क्या खोलीची सोय असेल तरच जातो. बुंदीला वास लागला की नाव, गाव, मालक सगळं विसरते ती.

शिराळकर (मुक्काम हडपसर)

आता माझं ऐका. माझं गाव त्याच पट्ट्यातलं, आणि थोरला भाऊ अशीच तंबूची जागा चालवतो. सहकारनगरकर राहिले ती आमची नव्हे, पण शेजारची असंल.

आधी धरणाला गावं उठली, मग उद्यानाला उठली. जी राहिली त्यांची म्हसरं रानात जायची बंद झाली, गवा येऊन शाळू खातो तो वेगळाच. आता कुठं शनिवार-रविवारी चार पैसं दिसायला लागलेत, तर कुत्री आणू नका म्हणून सांगायला पुण्याची माणसं. कुत्रं घेऊन येणारी गिऱ्हाइकं सगळ्यात सरळ असतात हे भावाचं म्हणणं. लवकर झोपतात, दारू कमी, गाणी नाहीत. एकदाच एका गोल्डनने आईच्या तीन कोंबड्या मारल्या. मालकाने न मागता पैसं दिलं, वर रडला पण. आईनंच त्याला चहा पाजला.

पण टेकडीवाल्या काकांचं बिबट्याचं खोटं नाही. आमच्यात रात्री कुत्रं अंगणात बांधत नाहीत, घरात घेतात. भाऊ पाहुण्यांच्या कुत्र्यालाही सोप्यात बांधायला लावतो, तंबूत नाही. खरा घोटाळा चिकनच्या हाडांचा. पाहुणे खातात, खरकटं बांधाला टाकतात. त्या वासावर वाडीतली कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागोमाग तो येतो. भावाने आता झाकणाचा पिंप ठेवलाय, तरी लोकं बांधालाच टाकतात.

आणि गावच्या कुत्र्यांना कोणी विचारत नाही म्हणता ते खरंय. खुरकुताची लस द्यायला माणूस येतो, म्हशीला देतो, बैलाला देतो. कुत्रं तिथंच शेपूट हालवत उभं असतं, त्याला काही नाही.

चार पायांचा डॉक्टर

शिराळकर, मुद्द्याचं बोललात. वन्यजीव कायद्यात कलम ३३-अ आहे. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना साथीच्या रोगांविरुद्ध लस टोचण्याची व्यवस्था करायची, असं ते सांगतं. राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. पण कायद्यातली पाळीव जनावरांची व्याख्या काढून बघा. गाय, म्हैस, शेळी, गाढव, अगदी बदकसुद्धा आहे. कुत्र्याचं नाव नाही. जो प्राणी कोळसुंद्यांना रोग देऊ शकतो, नेमका तोच यादीत नाही.

म्हणून माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. भुंग्याने जाऊ नये, निदान लस आणि गोचिडीचं औषध होईपर्यंत तरी नक्कीच नाही, आणि तंबूत तर कधीच नाही. पण भुंगा घरी बसला म्हणून कोळसुंदे वाचले असं समजून कोणी पाठ थोपटून घेऊ नये. वाडीतली कुत्री उद्याही रात्री जंगलात जाणार आहेत.

टेकडीवाला (कोथरूड)

डॉक्टर, हे पटलं. पहिलं वाक्य जास्त पटलं.

सहकारनगरकर

डिसेंबरात परत जायचं ठरलं होतं. भुंग्याला सासूबाईंकडे ठेवतो. त्या त्याला चपातीवर तूप लावून देतात, परत येईल तेव्हा ३६ किलोचा असेल. पण मी तसाच रिकामा जाणार नाही. शिराळकर, तुमच्या वाडीतल्या कुत्र्यांना लस द्यायची झाली तर काय लागेल? डॉक्टर येणार असतील तर गाडी माझी, लसींचे पैसे आपण इथली मंडळी काढू. बुंदीच्या आई, तुमचे पाळणाघराचे आठशे इकडे वळवा.

बुंदीची आई

दोन दिवसांचे देते. सोळाशे.

चार पायांचा डॉक्टर

येईन. पण लस बर्फाच्या पेटीतूनच न्यावी लागते, आणि तिथल्या सरकारी दवाखान्याला आधी कळवलेलं बरं, परक्याने येऊन टोचाटोची केलेली कोणाला आवडत नाही. एका डोसने भागणार नाही, तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी मारावी लागेल. धरायला माणसं हवीत, मोकळं कुत्रं अनोळखी माणसाला हात लावू देत नाही. शिराळकर, साधारण किती असतील?

शिराळकर (मुक्काम हडपसर)

भावाला फोन लावला. आमच्या वाडीत चौदा. धरायला पोरं आहेत, पण एक काळं आहे ते फक्त आईच्या हातात येतं. आणि एक कालच व्यालंय, पाच पिल्लं. ती धरायची का मोजणीत?

चार पायांचा डॉक्टर

पिल्लं आत्ता नाही, दीड-दोन महिन्यांची होऊ देत. दुसऱ्या फेरीला बघू. आईंना म्हणावं, काळ्याला आदल्या रात्री घरातच घ्या.