पावसाळी ट्रेकला वॉटरप्रूफ बूट म्हणजे पैसे पाण्यात!

डोंगरभटक्या:
जून लागला की ग्रुपवर ठरलेला प्रश्न, वॉटरप्रूफ बूट कुठले घेऊ, आणि लोकंही महागातले महाग सुचवून मोकळे. माझं मत स्पष्ट आहे, पावसाळ्यात सह्याद्रीत त्यांचा उपयोग शून्य. पाणी वरून येतं हो, नडगीवरून ओघळत सॉक्समध्ये आणि तिथून बुटात, आणि एकदा आत गेलं की बुटातलं वॉटरप्रूफ अस्तर त्याला बाहेर सोडत नाही, मग दिवसभर डबकं पायात घालून चाला. लोणावळ्याहून राजमाचीला जाताना ओढे लागतात तिथे कुठला बूट कोरडा राहतो सांगा? त्यापेक्षा जाळीचे हलके बूट घ्या, पाणी आलं तसं गेलं.

बालेकिल्ला:
साफ असहमत. जाळीतून पाणी जातं तशी बारीक वाळूपण आत येते, ती सॉक्समध्ये बसली की पॉलिश पेपरच. आणि उतरताना घोट्याला आधार नको का? राजगड उतरून आल्यावर निम्म्या पब्लिकची अंगठ्याची नखं काळी असतात.

डोंगरभटक्या:
नखं काळी होतात ती बोटं पुढे आदळून. त्याचा वॉटरप्रूफशी काय संबंध? बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेव, नखं सरळ काप, आणि उतार लागला की घोट्याजवळची लेस आवळ. संपला विषय.

रानवाट७:
एवढं बूट बूट काय लावलंय, आमच्या गावची म्हातारी माणसं चपलेवर धार चढत्यात. वारकरी आळंदी ते पंढरपूर अडीचशे किमी चालतात, कितीतरी जण अनवाणी, त्यांना कोण विचारतं सॉक्स कुठल्या कंपनीचा. फ्लोटर घाला आणि चला.

टाचदुखी:
रानवाट दादा, वारीत रस्त्याच्या कडेला बघितलंय का कधी? पायाला तेल चोळून देणारे, चपला फुकट शिवून देणारे, फोडांना ड्रेसिंग करणारे डॉक्टर, सगळे पायांसाठीच बसलेले असतात. म्हणजे वारकऱ्यांचे पायही दुखतातच, फक्त ते तक्रार करत नाहीत. आणि गावातल्या माणसाचे तळवे वर्षभराचे तयार असतात, आपले सोमवार ते शुक्रवार एसीत. फ्लोटरमध्ये अंगठा दगडाला ठेचला की कळेल. आंबोलीकडे गेलात तर जळवा वेगळ्याच.

मुळात फोड कशाने येतो ते बघा. आतलं हाड पुढेमागे सरकत असतं, वरची कातडी सॉक्सला चिकटून जागच्या जागी राहते, मधल्या थरावर ताण येऊन तो फाटतो आणि तिथे पाणी भरतं. ओली कातडी मऊ पडते आणि जास्त चिकटते, म्हणून पावसाळ्यात फोड लवकर. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबायचं, ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे. टेप मात्र घरूनच कोरड्या पायाला लावून निघा, ओल्यावर चिकटत नाही.

सोलकढी_प्रेमी:
टेप कशाला, भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, चोळा की! आमच्याकडे भेगांना तेच. सॉक्स घालायच्या आधी टाचेला आणि बोटांच्या मध्ये.

टाचदुखी:
चालेल, पण दोन्ही एकदम नको, तेलावर टेप टिकत नाही. आणि बोटांच्या मध्ये नकोच, ती जागा कोरडी ठेवायची, नाहीतर चिखल्या होतात. भातलावणी करणाऱ्यांना विचारा काय हाल होतात ते.

डोंगरभटक्या:
+१. रात्रीसाठी एक सुका जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तो फक्त झोपताना. सकाळी परत तेच ओले सॉक्स पिळून घालायचे. रात्रभर पाय कोरडे राहिले तर कातडी सावरते.

बालेकिल्ला:
शी! सकाळी सकाळी ओले सॉक्स? सुके घालीन मी.

डोंगरभटक्या:
घाल. पहिल्या ओढ्यात भिजतील, मग रात्री काय घालणार?

बालेकिल्ला:
बरं ते सोड, हिमालयात बर्फात जाळीचे बूट घालून जाणार का?

डोंगरभटक्या:
बर्फात वॉटरप्रूफच हवेत, तिथे ओला पाय म्हणजे बोटं गमवायची वेळ. पण धागा सह्याद्रीचा आहे, हिमालयाचा वेगळा काढ.

नवखी_भटकी:
फोड आलाच तर फोडायचा का?

टाचदुखी:
लहान असेल तर हात लावू नका. मोठा असेल आणि चालवतच नसेल तर निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढायचं, वरची कातडी सोलायची नाही, स्वच्छ पट्टी लावायची. डायबिटीस असेल तर हे घरगुती उद्योग करू नका, डॉक्टरकडेच जा.

रानवाट७:
आणि बूट चुलीपाशी वाळवू नका रे, सोल सुटतो. पेपर कोंबून ठेवा. सुटलाच तर सुतळी हायेच.