अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते उलुरू: मी गटाच्या बाजूने

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावाहून उलुरू या प्रचंड खडकापर्यंतचा रस्ता डांबरी आणि सरळ आहे, मग स्वतः गाडी चालवत जायचं सोडून गटाच्या गाईडेड सहलीला पैसे का घालायचे, असा प्रश्न पडतो. अंतर साडेचारशे किलोमीटर आहे, वाटेत पेट्रोल पंप मोजके आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. दिवस कलला की कांगारू रस्त्यावर येतात, आणि भाड्याच्या गाडीचा विमा अंधारातला अपघात बऱ्याचदा धरत नाही. त्यात समोरून पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, गेली की गाडी अक्षरशः हलते.

पण माझ्यासाठी खरं कारण म्हणजे रात्र. स्वॅगमध्ये, म्हणजे गादी घातलेल्या कॅनव्हासच्या खोळीत, शेकोटीभोवती उघड्यावर झोपायचं. दक्षिणेला त्रिशंकू हा तारकासमूह उंच चढलेला, आणि आकाशगंगा इतकी स्पष्ट की तिच्यातले काळे पट्टेही दिसतात! जून-जुलैत पहाटे पारा शून्याखाली जातो, कानटोपी हवीच.

उलुरूवर चढणं २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे, तिथल्या मूळ रहिवासी अनांगू लोकांचं ते पवित्र स्थान. दहा किलोमीटरची प्रदक्षिणा मात्र सोडू नका, आणि ती उजाडताच सुरू करा. घोंगावणाऱ्या माश्यांपासून वाचायला तोंडावरची जाळी अ‍ॅलिसमध्येच घ्या.