मदत हवी आहे : खूमेई शिकताना घशावरचा दाब योग्य जागी आहे, हे कसे ओळखावे?

नमस्कार.

तुवा (रशियाच्या दक्षिण सायबेरियातील प्रजासत्ताक) आणि पश्चिम मंगोलिया येथील कंठगायन, म्हणजेच खूमेई (एकाच गळ्यातून मूळ सूर आणि त्याच्या वर शिळीसारखा दुसरा सूर एकाच वेळी काढण्याची कला), शिकण्याचा मी सध्या मनापासून प्रयत्न करते आहे. ही कला ज्यांनी एखाद्या जाणकार गायकासमोर बसून शिकली आहे, अशा कोणाचे मार्गदर्शन मिळाल्यास मी आभारी राहीन. माझी तालीम ख्याल गायनाची असून पट्टी काळी चार आहे. माझ्या बहुतेक शंका या दोन गोष्टींमधूनच निर्माण झाल्या आहेत.

मुख्य शंका दाबाविषयी आहे. गळा मोकळा ठेवावा, दाबून गाऊ नये, हा संस्कार आमच्यावर पहिल्या दिवसापासून झालेला असतो. खूमेईमध्ये मात्र स्वरतंतूंच्या वरचा भाग जाणीवपूर्वक आवळल्याशिवाय तो धारदार, उपस्वरांनी (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या, त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या वरच्या सुरांनी) भरलेला मूळ सूर निघतच नाही. एकच सूर धरून ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत अतिशय सावकाश जात राहिले की उपस्वर एकामागून एक ऐकू येतात, तेवढे मला जमते. पण तो आवाज मऊ आणि क्षीण असतो, आणि कोंगार-ओल ओंडार किंवा काइगाल-ओल खोवालिग या तुवाच्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांत मूळ सुराच्या वर जी स्वच्छ शीळ ऐकू येते, तिच्या जवळपासही तो पोहोचत नाही. दाब वाढवला की शीळ उजळते, परंतु थोड्याच वेळात घसा खवखवू लागतो. ही खवखव सवय नसल्यामुळे होते, की ताण चुकीच्या जागी पडत असल्याची ती खूण आहे? ख्यालाचा आवाज मला कोणत्याही परिस्थितीत गमवायचा नाही, म्हणून हे विचारणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पट्टीचाही प्रश्न आहे. पुरुष गायकाने काळी एकच्या आसपास, म्हणजे सुमारे १४० हर्ट्झवर सूर धरला, तर त्याचा आठवा उपस्वर ११२० आणि बारावा १६८० हर्ट्झवर येतो. माझ्या २०८ हर्ट्झच्या षड्जावर हेच उपस्वर १६६४ आणि २४९६ हर्ट्झवर जातात, त्यामुळे ते एकमेकांपासून लांब पडतात आणि वरचे उपस्वर मला पकडताच येत नाहीत. स्त्रियांनी खूमेई गाऊ नये, त्याने अपत्यप्राप्तीत बाधा येते, अशी समजूत तुवामध्ये होती हे मी वाचले आहे. परंतु चोदुरा तुमात यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘तिवा किझी’ या स्त्रियांच्या संचाचे गायन ऐकल्यानंतर स्त्रीच्या आवाजात हे उत्तम साधते याबद्दल मला तिळमात्र शंका राहिलेली नाही. प्रश्न एवढाच आहे की सुरुवातीला सूर कोणता धरावा.

शेवटी क्रमाविषयी. सिगित (उंच, शिळीसारखी शैली) आधी घ्यावे की कार्गिरा (खोल, खर्जातली शैली)?

प्रतिसाद :

नमस्कार ताई. मी युरोपात राहतो आणि तुवाहून आलेल्या गायकांच्या कार्यशाळांमध्ये थोडेफार शिकलो आहे. जे शिकवले गेले आणि जे अनुभवाला आले, तेवढेच लिहितो.

घसा खवखवणे ही सवयीची पायरी मानू नये. दाब योग्य असेल तेव्हा थकवा पोटाच्या आणि मानेच्या स्नायूंना जाणवतो, स्वरतंतूंच्या जागी जळजळ होत नाही. जड पिंप उचलताना आपण नकळत श्वास रोखतो तेव्हा गळ्यात जे आवळणे होते, ते जाणून घ्या आणि त्याच अवस्थेतून अगदी थोडी हवा जाऊ देत ‘अ’ म्हणा. नवशिक्यांचा दोष बहुधा आवळण्यात नसतो, तर आवळलेल्या जागेवर फुप्फुसातली हवा जोराने ढकलण्यात असतो. हवा कमी करा, आवाज लहान ठेवा. कसोटी विचारलीत, तर मी एकच वापरतो: सराव संपल्यावर आपला नेहमीचा मध्य षड्ज आणि हळुवार तार षड्ज पूर्वीसारखाच लागला पाहिजे. तो फाटत असेल किंवा बोलण्याचा आवाज घोगरा झाला असेल, तर त्या दिवशी पुन्हा सराव करू नये, आणि हे वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. ख्यालाचा रियाज आधी आणि खूमेई नंतर, हा क्रमही मी आपल्याला आग्रहाने सुचवेन.

शीळ स्पष्ट होण्याचे सगळे श्रेय दाबाला देऊ नका. तुवाच्या हून-हूर-तू या संचाच्या गायकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की हे गायक तोंडातील दोन अनुनाद एकमेकांजवळ आणून साधारण १५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात एकवटतात, आणि त्यामुळे तेथील एकच उपस्वर इतरांच्या वर उठून येतो. हे काम मुख्यतः जिभेचे आहे. सिगितसाठी जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला लावा, जिभेच्या कडा दाढांना चिकटवा आणि एका बाजूला मागच्या दाढेजवळ बारीक फट ठेवा. मग टोक न हलवता जिभेचा मागचा भाग हळूहळू पुढेमागे करा.

पट्टीसाठी आपला मंद्र पंचम हाच षड्ज माना. तो सुमारे १५६ हर्ट्झवर येतो, म्हणजे आठवा उपस्वर १२४८ आणि बारावा १८७२ हर्ट्झवर मिळेल. आठवा, नववा, दहावा आणि बारावा हे उपस्वर अनुक्रमे सा, रे, ग, प आहेत. तानपुऱ्याच्या खर्जात स्वयंभू गंधार ऐकण्याची आपल्या कानाला सवय असणार, तो पाचवा उपस्वर. तोच कान येथे उपयोगी पडतो. सातवा कोमल निषादापेक्षा उतरलेला असतो आणि अकरावा शुद्ध व तीव्र मध्यमाच्या मध्ये पडतो. तुवाचे गायक चालीत हे दोन्ही सहसा वगळतात, म्हणून ते लागले तरी तेथे थांबू नका.

आधी सिगित नको आणि कार्गिराही नको. कमी दाबाचे, मधल्या सुराचे साधे खूमेई (याच नावाची मूळ शैली) पक्के होऊ द्या. सिगित त्याच्यावरच उभे राहते. मंगोलियात खोव्द प्रांतातील चांदमान भागातले गायक प्रतिध्वनी कोठे जाणवतो त्यावरून ओठांची, टाळूची, नाकाची, घशाची, छातीची अशी खूमी (खूमेईचे मंगोल नाव) वेगवेगळी करतात. आपल्याला ती विभागणी सोयीची वाटेल, परंतु दोन्हीकडच्या पद्धती सुरुवातीलाच मिसळू नयेत असे मला वाटते.

मूळ लेखिका :

मनापासून आभार. हवा जोराने ढकलली जात होती, हे आपल्या उत्तरावरून लगेच ध्यानात आले. मंद्र पंचमावर नववा आणि दहावा उपस्वर वेगळे ऐकू येऊ लागले आहेत. कार्गिराकडे केव्हा वळावे, एवढे सांगाल का?

प्रतिसाद :

साध्या खूमेईनंतर घसा पूर्ण स्वस्थ राहू लागला की वळावे. कार्गिरामध्ये खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही कंप पावतात, आणि त्या निम्म्या गतीने हलत असल्यामुळे आवाज एक सप्तक खाली ऐकू येतो. सूर मुद्दाम खाली नेऊ नका. सोयीचा सूर धरून अगदी हळू खाकरल्यासारखा आरंभ करा, त्या घड्या जुळल्या की खालचे सप्तक आपोआप उमटते. खोकला आला तर लगेच थांबून पाणी प्या, आणि पुढचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी करा.