हॉट एअर ब्रश: मुळं फुगतात, टोकं झाडूसारखी होतात, मशीन मध्येच बंद पडतं. मदत हवी आहे

ओलीचिंब

नमस्कार मंडळी. आधीचे धागे शोधले, पण सगळे ड्रायर आणि स्ट्रेटनरवरच आहेत, म्हणून नवा काढतेय.

ब्रश: दात्यांमधून गरम हवा सोडणारा, लंबगोल डोक्याचा, २३० व्होल्ट, १००० वॅट. थंड, मध्यम, गरम असे तीन टप्पे.
केस: पाठीच्या मध्यापर्यंत, दाट, किंचित लाटदार. पुढे लेयर कापलेले.
पद्धत: केस धुतल्यावर दहा मिनिटं टॉवेल गुंडाळून ठेवायचा, मग थेट 'गरम'वर ब्रश.

तक्रारी अशा:
१) चाळीस मिनिटं लागतात, हात भरून येतो.
२) आरशात छान दिसतात, पण डोंबिवली स्टेशन गाठेपर्यंत मुळांशी फुगतात आणि टोकं झाडूसारखी होतात.
३) पुढच्या लेयर ब्रशमध्ये गुंततात, कात्री घ्यायची वेळ येते.
४) दोन आठवड्यांपासून सात-आठ मिनिटांनी ब्रश आपोआप बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआपच चालू होतो.

ब्रश बदलू की पद्धत?

---

शेवंती

पद्धत बदला, ब्रश राहू द्या. पहिल्या तीन तक्रारी एकाच चुकीतून येतात: केस फार ओले असताना ब्रश लावताय.

नावात 'एअर' असलं तरी या ब्रशचं काम केसांना वळण देण्याचं. पाणी उडवायला ड्रायर किंवा पंखा. केस भिजले की केराटिनमधले (केस ज्या प्रथिनाचा बनतो ते) हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे कच्चे जोड, सुटतात, आणि केस सुकताना ज्या आकारात धरलेला असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणजे वळण ठरतं ते शेवटच्या वीस-पंचवीस टक्के ओलाव्यात. निथळत्या केसांवर सुरुवात केलीत तर पहिली पंचवीस मिनिटं नुसतं पाणी उडवण्यात जातात. तोवर टोकांवरून तापलेले दाते वीस-वीस वेळा फिरलेले असतात, आणि मुळं आतून ओलीच राहतात. ती ओली मुळं नंतर वाऱ्यावर, वाटेल त्या आकारात सुकतात. स्टेशनवर दिसतो तो फुगा हाच. शिवाय ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे ब्रशने ओढायला ती वेळच चुकीची.

कधी सुरू करायचं? बट मुठीत दाबून बघा. हाताला गारवा लागला पण ओल उमटली नाही, की वेळ झाली. टोकं जवळपास कोरडी आणि मुळांशी बोट घातल्यावर दमटपणा, एवढंच शिल्लक हवं.

तिथपर्यंत येण्यासाठी टॉवेलने खसाखसा पुसू नका. पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट घेऊन दाबत दाबत पाणी टिपा. मग पंख्याखाली बसा किंवा साधा ड्रायर १५ सेंटिमीटर लांबून, सतत हलवत फिरवा. ड्रायर म्हणजे नुकसानच असं समजू नका. २०११ साली कोरियात झालेल्या एका प्रयोगात १५ सेंटिमीटरवर केसापाशी तापमान सुमारे ४७ अंश होतं, १० वर ६१ आणि ५ वर थेट ९५. पंधरावरून ड्रायर हलवत वाळवलेल्या केसांचं एकूण नुकसान नुसत्या हवेवर वाळवलेल्या केसांपेक्षा कमी निघालं, कारण केस फार वेळ ओला राहिला की आतून फुगून बसतो. ब्रशमध्ये मात्र अंतर शून्य. म्हणून त्याच्या वाट्याला कमीत कमी मिनिटं यावीत.

पुढचं क्रमाने:

हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस वाचवणारा फवारा) आधी. तुमच्या लांबीला सहा ते आठ फवारे, वीतभर अंतरावरून, मुख्यतः कानाच्या खाली. मग रुंद दात्यांच्या कंगव्याने विंचरा आणि दोन मिनिटं थांबा. फवारा ओला असतानाच गरम ब्रश लावलात तर चर्र आवाज येतो, वाफ निघते आणि लोक घाबरतात. फवारा नसेल तर डायमेथिकोन (एक सिलिकोन) असलेलं सीरम, दोन-तीन थेंब, फक्त टोकांना. दोन्ही एकदम नको, केस चिकट होतात.

मग गुंता पूर्ण काढा. हा ब्रश गुंता सोडवत नाही, घट्ट करतो.

मधोमध भांग पाडून मागचे दोन आणि कानापुढचे दोन असे चार भाग करा. तीन भाग क्लचरने वर बांधा. सुरुवात मानेपासून. एका वेळची बट ब्रशच्या डोक्यापेक्षा किंचित अरुंद आणि जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर जाड. बट ब्रशवर बसवल्यावर दात्यांची टोकं पलीकडून डोकावली पाहिजेत. डोकावत नसतील तर बट जाड आहे, आतल्या केसांना हवा पोचणार नाही. दाट केसांना अशा बारा ते सोळा बटा होतात. ऐकायला जास्त वाटतं, पण वेळ यातच वाचतो.

प्रत्येक बटेला आधी मुळांशी: ब्रश बटेखाली, डोक्याच्या त्वचेपासून बोटभर दूर, केस वर उचलून तीन-चार सेकंद. मग तसाच ताण ठेवून टोकापर्यंत सावकाश खाली, मुळापासून टोकाला आठ-दहा सेकंद. तीन-चार फेऱ्या. हवा नेहमी मुळाकडून टोकाकडे जायला हवी, म्हणजे केसावरचे बारीक खवले (त्याचं बाहेरचं आवरण) बसतात आणि चमक येते. उलट दिशेने फिरवलात तर तेच खवले उचकटतात.

शेवटी टोकं दीड वळसा आत गुंडाळा, पाच सेकंद गरम, मग बटण 'थंड'वर नेऊन दहा सेकंद. त्यानंतरच बट सोडा. गरम केस मऊ असतो, त्याच अवस्थेत सोडला की स्वतःच्या वजनाने वळण उलगडतं. 'थंड' हा टप्पा बहुतेक जण वापरतच नाहीत आणि मग ब्रशला नावं ठेवतात.

---

वायरमन

वरचा प्रतिसाद उत्तम. मी चौथ्या तक्रारीपुरता येतो.

तुमचा ब्रश बिघडलेला नाही, स्वतःला वाचवतोय. मुठीच्या आत अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळलेली नायक्रोमची कॉइल असते, शेजारी छोटी मोटर आणि पंखा. कॉइलजवळ दोन धातूंच्या पत्तीचा थर्मोस्टॅट असतो. हवा कमी झाली की कॉइल जास्त तापते, पत्ती वाकते, वीज तुटते. गार झाल्यावर पत्ती सरळ होते आणि ब्रश पुन्हा चालू. हवा कमी होण्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा एकच: मुठीच्या तळाशी, जिथून वायर बाहेर येते तिथली जाळी केसांनी आणि धुळीने बुजलेली असते.

प्लग काढा. पूर्ण गार होऊ द्या. जाळी फिरवून निघत असेल तर काढा, नसेल तर तशीच. कोरड्या जुन्या टूथब्रशने घासा, आत अडकलेले केस चिमट्याने ओढा. पाणी नको. आतल्या बाजूला नमद्यासारखा थर बसलेला सापडेल. जाळी काढून ठेवून ब्रश कधीही चालवू नका, लांब केस आत ओढले जाऊन मोटरच्या दांड्याला गुंडाळले जातात. ठिणग्या आणि जळका वास बहुधा तिथूनच.

साफ करूनही बंद पडला तर 'थंड'वर चालवून बघा. हवा मंद असेल तर मोटर थकली आहे. हवा जोरात आहे आणि तरी 'गरम'वर दोन मिनिटांत बंद पडतोय, तर थर्मोस्टॅट गेला. दोन्हीसाठी सर्व्हिस सेंटर. ब्रशमध्ये थर्मोस्टॅटजवळच एक थर्मल फ्यूजही असतो, तो एकदा उडाला की परत जुळत नाही. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला तो काढून सरळ तार जोडून देतो आणि ब्रश चालूही होतो. अजिबात करू देऊ नका, पुढच्या वेळी जाळी बुजली की प्लास्टिक वितळेपर्यंत तो थांबणार नाही.

१००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सव्वाचार अँपिअरच्या आसपास. साधं ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं, पण ढिला मल्टिप्लग तापतो. आणि वायर मुठीभोवती गुंडाळून ठेवू नका, मुठीपाशीच ती आतून तुटते.

---

खोबरं_गूळ

एवढं सगळं कशाला? ब्रश लावायच्या आधी हातावर दोन थेंब खोबरेल चोळून केसांना लावा. आजीबाईचा बटवा झिंदाबाद.

---

शेवंती

@खोबरं_गूळ, तेल बरोबर, वेळ चुकली. खोबरेल धुण्याआधी लावा. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना करून हे दाखवलंय. आजी चुकली नव्हती. पण धुतल्यावर, गरम ब्रशच्या तोंडावर खोबरेल लावलं की केस चपटे पडतात, दात्यांवर चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. थोड्या दिवसांनी तो थर तापून खवट वास मारायला लागतो.

---

रानवारा

शेवंतीताईंशी बाकी सहमत, एक मुद्दा वेगळा. सगळं 'गरम'वर करायची गरज नाही. मुळं आणि मधली लांबी 'गरम'वर, टोकं 'मध्यम'वर. टोकं हा केसाचा सर्वात जुना भाग. पाठीच्या मध्यापर्यंत केस असतील तर टोकं चार-एक वर्षांची आहेत. रंगवलेल्या केसांना तर सगळंच 'मध्यम'. पण केस रंगवलेले नसतील तर सगळंच 'मध्यम'वर करून वेळ दुप्पट करणं हाही उपाय नव्हे.

गुंतण्याबद्दल: लेयरमध्ये आखूड आणि लांब केस एकाच बटेत येतात. आखूड केस पहिल्या वळशातच संपतो आणि मोकळं टोक दात्यांत आडवं घुसतं. म्हणून पुढच्या लेयरला गुंडाळायचंच नाही. ब्रश आडव्याऐवजी उभा धरा आणि चेहऱ्यापासून दूर, मागच्या बाजूला ओढत न्या. टोकाशी अर्धा वळसा पुरे. तरी अडकलाच तर आधी बंद करा (चालू ब्रश कपाळाशी धरून सोडवत बसू नये), गार होऊ द्या, ज्या दिशेने गुंडाळला त्याच्या उलट फिरवा आणि शेपटीच्या कंगव्याने दोन-दोन केस काढा. कात्री शेवटी.

जाता जाता: बाजारात 'हीटेड ब्रश' नावाचा दुसरा प्रकार मिळतो. त्यात हवा नसते, दातेच तापतात, बऱ्याचदा २०० अंशांच्या आसपास. तो पूर्ण कोरड्या केसांसाठी. ओल्या केसाला तो लावला की केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत बुडबुडे धरतात आणि तिथेच केस तुटतो. दोन्ही एकाच फळीवर ठेवलेले असतात. खोक्यावर हवेचा झोत दाखवलाय का बघून घ्या.

---

ओलीचिंब

खूप आभार सगळ्यांचे! जाळीतून खरंच नमदा निघाला, करंगळीएवढा. आता बंद पडत नाही. पंख्याखाली अर्धा तास आणि नंतर ब्रश, एकूण ब्रशचा वेळ बावीस मिनिटं. टोकं बरीच सुधारली. मानेजवळचे केस मात्र अजून फुगतात. आणि पावसाळ्यात हे टिकेल का?

---

शेवंती

मानेजवळचे केस पंख्याखाली सगळ्यात शेवटी सुकतात, वरचे थर झाकतात ना. पंख्याखाली बसताना वरचे केस क्लचरने उचलून धरा, पाठ पंख्याकडे. ब्रश लावताना मान पुढे झुकवून तो भाग बारीक बटांत करा. पूर्ण झाल्यावर बोट मुळाशी घालून तपासा: जराही गार लागलं तर ओल आहे. केस गरम असताना तपासू नका, फसायला होतं.

पावसाळ्याचं खरं सांगायचं तर पूर्ण दिवस टिकणार नाही. दमट हवेतलं पाणी केसात शिरलं की तेच हायड्रोजन बंध पुन्हा सुटतात. सिलिकोन सीरमचे दोन थेंब केस गार झाल्यावर वरून फिरवलेत तर काही तास लांबतं. आणि न्हाणीघरात, गरम पाण्याची वाफ भरलेली असताना हे सगळं करू नका. तिथे सेट होता होताच सुटतं, शिवाय ओल्या फरशीवर वीज.

बोअर किंवा टँकरचं पाणी आहे का? पाण्यात क्षार जास्त असतील तर केसावर थर बसतो, केस खरखरीत लागतो आणि ब्रश सरकत नाही. महिन्यातून दोनदा ईडीटीए (क्षार धरून काढणारं रसायन) असलेला शाम्पू, मग भरपूर कंडिशनर.

---

पाटी_पेन्सिल

धागा थोडा पळवते, माफी. मावसबहीण न्यू जर्सीहून ब्रश आणणार आहे. लेबलवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ११०० वॅट. इथे पिन बदलणारा अडॅप्टर लावला तर चालेल ना?

---

वायरमन

नाही! पिन बदलते, व्होल्टेज नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग ३.६७. म्हणजे ११०० वॅटची कॉइल ४००० वॅट ओढू पाहणार. थर्मोस्टॅटला जाग यायच्या आत कॉइल किंवा फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर मूठ वितळेल.

व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर चालतो, पण किमान १५०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, त्याची क्षमता), आणि तो विटेसारखा जड असतो. प्रवासासाठी विकतात ते हलके 'कन्व्हर्टर' फक्त साध्या हीटरसाठी, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक बटणं असलेल्या ब्रशला नकोत. लेबलवर १००–२४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तरच नुसता अडॅप्टर पुरे. बहिणीला म्हणावं, चॉकलेटं आण.

उलट, इथला २३० व्होल्टचा ब्रश तिकडे नेला तर जळणार नाही, पण शक्ती जेमतेम पाव उरेल. कोमट फुंकर.

---

ओलीचिंब

शेवटचा प्रश्न. दात्यांच्या टोकांवरचे दोन-तीन मणी गळालेत. चालेल?

---

रानवारा

मागच्या बाजूचे असतील तर चालेल, मुळांशी लागणाऱ्या रांगेतले असतील तर डोक्याला ओरखडे पडतात आणि केस त्या उघड्या टोकावर चिरतो. त्या दात्यावर नेलपॉलिश वगैरे लावू नका, उष्णतेने वितळेल. डोकं वेगळं निघत असेल तर तेवढंच नवं मिळतं का बघा. मणी गळायचं कारण बहुतेक वेळा ब्रश गरम असताना दात्यांवर आडवा ठेवणं. पाठीवर ठेवा किंवा उभा टांगा.